माझा वाटा मोठाच पाहिजे

हे लिहायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं, आधीच सांगून ठेवतो. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून सही सोडली तर पेनाशी माझा संबंध नाही. पण आमच्या फ्लॅटमधला निनाद माझा किस्सा मजल्यामजल्यावर सांगत फिरतो, तोही मीठमसाला लावून. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे बघून ओढणी तोंडाला लावतात! वर बिल्डिंगच्या गणपतीची स्मरणिका काढणारे दारात येऊन बसले, "काका, तुमच्या हाताने लिहून द्या." म्हटलं, अब्रू जायचीच आहे तर माझ्या हाताने जाऊ दे. घ्या, चहा ओता. हसू आलं तर तिकडे तोंड करून हसा.

मी बालाराम, मूळचा कोन गावचा. जमीन गेली, पैसा आला, पैसाही गेला. पोराशी पटलं नाही म्हणून रोडपालीत येऊन राहिलो, एका फ्लॅटमध्ये तिघं. कळंबोलीला लोखंडाच्या गोदामाच्या गेटावर खुर्ची टाकून बसतो, तेवढाच माझा पगार. निनाद नागपूरचा, कंपनीत कॉम्प्युटरवर, पगार दणदणीत. गणेश साताऱ्याकडचा, औषधाच्या दुकानात काउंटरवर. त्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज, त्यामुळे महिनाअखेरीला पोराचे गाल बसतात.

किराणा, गॅस, मासळी, सगळ्यासाठी तिघांनी सारखे पैसे स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकायचे, असा नियम होता. रविवारची मासळी आणायची मी आणि रांधायची पण मीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तुम्ही शिकलेली माणसं वाटा कशाला म्हणता, ते तुमचं तुम्हाला माहीत. आमच्याकडे जमिनीचा असतो तो हिस्सा. वाटा असतो मासळीचा! बाजारात कोळीण फळीवर बोंबलाचे, मांदेलीचे ढीग लावते. एक ढीग म्हणजे एक वाटा. जन्मभर मी वाटा हा शब्द नाकाने ऐकलाय.

तर एक दिवस संध्याकाळी कामावरून आलो, दाराबाहेर चपला काढतोय, तर आतून निनादचा आवाज.

"पगाराप्रमाणे वाटा. सरळ हिशोब आहे. माझा सगळ्यात मोठा, तुझा त्याच्याहून कमी, काकांचा सगळ्यात छोटा."

गणेश म्हणाला, "काकांना वाईट वाटंल रे."

"हळूच सांगू ना. तसंही ते खातात किती!"

माझ्या हातातली चप्पल हातातच राहिली. पगाराप्रमाणे वाटा? म्हणजे मी भल्या सकाळी बाजारात जायचं, मी खवले काढायचे, मी वाटण वाटायचं, आणि ताटात मला मांदेलीचं शेपूट? आणि हा नागपूरचा, ज्याला मी काटा काढायला शिकवला, तो ढीग घेऊन बसणार?

तुम्हीच सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही?

खरं सांगू, राग नंतर आला. आधी भीती वाटली. या वयात हे घर सुटलं तर जायचं कुठे? पोराच्या दारात? आज ताटातलं कमी करतात, उद्या म्हणतील काका, खाटसुद्धा पगाराप्रमाणे. मी चपला घातल्या आणि खाली जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात पारूबायला गाठलं. पारूबाय म्हणजे आमची मासळीवाली. मी तिच्याकडून मासळी घेतो ती तिच्या नवऱ्याच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून. म्हटलं हिच्याशिवाय वाट्यातलं कोणाला कळणार?

"पारूबाय, एक इचारतो. पैसेवाल्याला वाटा मोठा आणि गरिबाला बारका, असा असतंय का गो?"

ती कोयता खाली न ठेवता म्हणाली, "मंग! पैशापरमानं वाटा. आजपर्यंत असाच चाललाय. तुला काय फुकट पायजे?"

"अगो पण रांधनारा मी हाय!"

"रांध नायतर नाच. जास्त पैसं, मोठा वाटा. घेतंस का बोंबील, का गिऱ्हाईक आडवून उभा ऱ्हातंस?"

झालं! जाणकार माणसानेच शिक्का मारला. म्हणजे ही जगाची रीत होती आणि मलाच ठाऊक नव्हती.

मग मी ठरवलं, आपण होऊनच कमी खायचं. कोणी ताटातलं काढून घ्यायच्या आत आपणच हात आखडलेला बरा, निदान मान तरी राहील. येताना नाक्यावर वडापाव खायचा आणि घरी अर्धी भाकरी मोडून उठायचं. मला वाटलं, पोरांना लाज वाटेल. कसली लाज! तिसऱ्या का चौथ्या दिवशी निनाद गणेशला म्हणतो, "बघ, काका काहीच खात नाहीत. त्यांचा वाटा अजून कमी करायला पाहिजे."

अजून कमी! आता काय, मला रस्सा बोटावर देणार?

त्या दिवशी वडापावही गोड लागला नाही. गेटावर बसून ट्रक मोजायचे सोडून मी बोंबील मोजत होतो. सगळं पगारावर अडलंय ना? मग पगारच वाढवायचा! शेठ वाढवणार नाही, मग मीच वाढवायचा.

रविवारी दोघांनी मला समोर बसवलं. निनाद अगदी डॉक्टरसारखा मऊ बोलायला लागला.

"काका, राग मानू नका. तुमचा पगार किती? आम्ही वाटा ठरवून राहिलो."

"तुज्यापेक्षा जास्त हाय."

निनादने गणेशकडे बघितलं. "गेटावर बसायचा?"

"गेट काय, टाइमपास हाय! गावाला माजी चाळ हाय. भाडा येतंय. जमिनीचं पैसं बँकेत हायेत. तुमाला काय वाटला, मी भिकारी हाय?"

चाळ! माझ्या नावावर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा नाही. पण एकदा तोंड उघडलं की मला ब्रेक लागत नाही.

"काका, मग तर तुमचा वाटा सगळ्यात मोठा होतो," निनाद अडखळत म्हणाला. "चालेल तुम्हाला?"

"चालंल म्हंजे? माजा हक्क हाय तो! इतके दिस बोललो नाय, ही माजी चूक."

गणेशच्या डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, रड, तुझा बोंबील गेला. पण पोरगं गरीब, मला दया आली. म्हटलं, "गणेशला एकदम बारका ठेव. त्याला पुरंल तेवढा."

तर गणेश माझ्या पायाच पडला! "काका, तुमी देवमाणूस हाय."

बोंबील कमी करतोय तर हा पाया पडतो? मला वाटलं, कर्जाच्या काळजीने पोराचं डोकं हललं.

दुपारी रांधलं. कुरकुरीत तळलेले बोंबील, आंबट-तिखट रस्सा, तांदळाची भाकरी. मी परात पुढे ओढली आणि निम्म्याहून जास्त बोंबील माझ्या ताटात रचले. चांगला कर्नाळ्याच्या सुळक्यासारखा ढीग! दोघं बघतच राहिले. मी म्हटलं, "बगता काय? ठरल्यापरमानं!"

"खा ना काका, खा," निनाद म्हणाला. "आणि जेवण झालं की तुमच्या वाट्याचे तेवढे डब्यात टाका. निम्मा खर्च तुमच्याकडे येतो."

"कसला खर्च?"

"किराण्याचा! पगाराप्रमाणे वाटा. ज्याची कमाई जास्त त्याने जास्त द्यायचे. आम्ही तर तुमचे कमी करायला बसलो होतो, तुम्हीच मोठ्या मनाने..."

बोंबलाला काटा कसला, लोण्यासारखा मासा. पण त्या दिवशी तो माझ्या घशात आडवा झाला. गणेश पाठीवर थापट्या मारतोय, निनाद पाणी आणतोय, आणि मला त्या ठसक्यात एकच दिसत होतं, माझी चाळ! भाडं भरभरून येणारी!

तेव्हाच खरं बोललो असतो तर सुटलो असतो ना? पण गणेश अजून मला देवमाणूस समजून वारा घालत होता. देवाने कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला वाटलं तुम्ही माझे मासे पळवताय? शेठकडून उचल घेतली, त्याच्या चार शिव्या खाल्ल्या आणि डबा भरला. पुढचे दिवस वडापाव बंद. पुढच्या महिन्याच्या धास्तीने झोप बंद. आणि ताटात एवढा मोठा वाटा, की बघूनच मळमळायचं.

एका रविवारी मी तापाने पडलो, म्हणून निनाद बाजारात गेला. पारूबायने विचारलं, "बालाराम कुठं हाय?" हा शहाणा म्हणतो, "काका आजारी आहेत. त्यांची चाळ आहे ना कोनला, तिकडचं कोणी आलं तर कळवा."

पारूबाय म्हणे फळीवर कोयता आपटून हसली. "चाळ? त्याची चाल सरळ नाय, चाळ कुठनं आली? परवा मला इचारीत होता, गरिबाला वाटा बारका का म्हनून!"

निनाद हुशार आहे. परत येईपर्यंत त्याने सगळं जुळवलं होतं. घरी आल्या आल्या माझ्या उशीखाली डब्यातले माझे पैसे ठेवले, आणि मग मोरीत जाऊन, नळ सोडून, हसला. मला नळातून ऐकू आलं!

आता डब्यात माझे पैसे सगळ्यात कमी. आणि रविवारी ताटं मांडली की निनाद ओरडतो, "सरका रे, चाळमालकांचा वाटा येऊन राहिला!" आणि सगळ्यात मोठा ढीग माझ्या ताटात. शेजारीपाजारी ऐकतात. मी मान खाली घालून खातो. टाकणार कोण?

ऐकण्यात चूक माझी, थापा माझ्या, हे लिहून दिलं, खाली सही पण केली. पण मला शिक्का मारून कोणी दिला आणि नंतर भांडं फोडलं कोणी? बरा झाल्यावर तिला म्हटलं, "माफी माग."

तर म्हणते, "खोटा काय बोलले? पैसं काढ, वाटा उचल."

तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. मासळी तिच्याकडूनच घेतो, पण तोंड फिरवून. त्यामुळे ती मला शिळे बोंबील घालते आणि मला दिसत नाही. माफी मागायची राहिलीय ती पारूबायने!