वच्छलाबाईंचा संप सुटला नव्हता

नागपुरात गोदी आहे असं सांगितलं की मुंबईकडची माणसं हसतात. हसू द्या. कळमेश्वर रोडवरच्या आमच्या डेपोत भंडारा-गोंदियाचा तांदूळ कंटेनरमध्ये भरतात, सील लावतात आणि तो रेल्वेनं थेट जहाजापर्यंत जातो. समुद्र तेवढा नाही, बाकी गोदीतली सगळी भांडणं आहेत. फाटकासमोर माझी चहाची टपरी आहे, म्हणून ती मला फुकटात पाहायला मिळतात.

हमालांचा संप सुटला त्या सकाळी फाटकापाशी गुलाल उधळला. जुन्या टोळीला काढून ठेकेदाराची माणसं आणायची नाहीत, एवढीच मागणी होती आणि कंपनीनं ती कबूल केली होती. आमच्याकडे संप लागला की प्रत्येक हमाल पोती ओढायचा आपला लोखंडी हूक मुकादमाकडे जमा करतो. हूकच हातात नाही, तर चोरून कामावर जायचा मोह कशाला होईल? संप सुटला की मुकादम ज्याचा त्याला परत देतो. रुपराव मुकादमानं करारासाठी कंपनीला टोळीची नावं दिली, तीही जमा झालेल्या हुकांवरूनच.

आणि तिथंच माशी शिंकली. फाटलेली पोती शिवणाऱ्या बायांकडे हूक नसतो, दाभण असतं, आणि ते कुणी जमा करून घेत नाही. संपाच्या मांडवात या बायाही रोज उन्हात बसल्या होत्या. पुरुषांचे घसे बसले तेव्हा घोषणा त्यांनीच दिल्या. पण सुपरवायझर दुर्गेशनं त्यांना फाटकातच अडवलं.

"करारात तुमची नावं नाहीत. बायांचं काम आता ठेकेदार पाहीन."

सगळ्या बायांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या या बाई रुपरावच्या भावजय. बाकीच्यांना दाभण धरायला त्यांनीच शिकवलेलं. त्या दिराकडे वळल्या.

"भाऊजी, आमचं काहून नाही लिहिलं जी?"

"ध्यानातच नाही राह्यलं वहिनी. हूक पाह्यले अन् नावं सांगितली. आता काम सुरू होऊ द्या, मंग बोलतो मी साहेबाशी."

"मंग म्हणजे कवा? आमच्या जागी दुसऱ्या बाया बसल्यावर?"

रुपराव आत गेला, त्याच्यामागून टोळीही गेली. मला इतका संताप आला की त्याच्यासाठी भरलेला चहा मी रस्त्यावर ओतून टाकला.

"चाला मावशी, घरी जाऊ," काजल म्हणाली. बायांमध्ये ती सगळ्यात लहान. तिचे डोळे भरून आले होते.

"घरी जाऊन का करतं वं? बस इथंच." वच्छलाबाईंनी फाटकासमोरच बैठक मारली.

तासाभरात गोदामातून आरडाओरडा ऐकू आला. तांदूळ संपभर आत पडून होता, आणि उंदरांनी काही संप केला नव्हता. हमालांनी पोतं पाठीवर घेतलं की मागून तांदळाची धार. फाटकं पोतं कंटेनरमध्ये चालत नाही आणि संध्याकाळी गाडी सुटणार. हमालांनी स्वतः शिवून पाहिलं. एकानं पोत्याबरोबर आपली बंडीही शिवून घेतली.

दुर्गेश धावत बाहेर आला. "बाई, चाला लवकर. आज शिवून द्या, उद्याचं उद्या पाहू."

"उद्याचं आजच पाहू," वच्छलाबाई म्हणाल्या.

दुर्गेश वाकला, आवाज खाली आणला, तरी टपरीपर्यंत ऐकू आलंच. "तुमी एकट्या या. मुकादमाच्या घरच्या आहात, तुमचं नाव मी घालून देतो."

काजलनं मान खाली घातली. वच्छलाबाईंचंही घर याच कामावर चालतं, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

"संपाले मी एकटी बसली होती काय?" वच्छलाबाईंनी मोठ्यानं विचारलं. "मंग कामाले एकटी कशी येऊ?"

हे आतपर्यंत ऐकू गेलं. रुपराव बाहेर आला, अंगभर तांदळाची भुकटी. "चुकलं वहिनी माझं."

"मले सांगून का फायदा? या सुपरवायझरले सांगा."

रुपराव दुर्गेशकडे वळला. "यायची नावं लिहा. नाही तर आमी बी इथंच बसतो."

टोळी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. दुर्गेशनं फोन लावला आणि थोड्या वेळानं ऑफिसातून मोठे साहेब स्वतः कागद घेऊन आले. सगळ्या बायांची नावं चढली. शेवटी साहेबांनी विचारलं, "मुकादम रुपरावच ना?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यायची टोळी त्यायची, आमची आमची. मुकादम मी."

बाई मुकादम डेपोत कुणी पाहिली नव्हती. साहेबांनी रुपरावकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"लिहा जी," तो म्हणाला.

बाया आत शिरल्या तेव्हा मीही किटली उचलून त्यांच्यामागे गेलो, पाहिल्याशिवाय राहवेना. गाडीची घाई होतीच. रुपरावनं एक पोतं पाठीवर घेतलं होतं आणि कोपऱ्यातून तांदूळ गळत होता.

"भाऊजी, ठेवा ते खाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी सांगतल्यावर उचलजा."

रुपरावनं पोतं खाली ठेवलं.