यूजरसाहेब आणि खालचा फोन

उजव्या हाताचं बोट हवेत धरायचं, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि म्हणायचं, "ते सगळं ठीक आहे, पण आपला यूजर कोण?" हे त्यांनी दिवसातून किती वेळा केलं असेल याची मोजदाद नाही. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनचा चहा पांचट लागला, तेव्हा त्यांनी कॅन्टीनवाल्या मामांनाही सोडलं नाही. "मामा, या चहाचा यूजर कोण?"

मामांनी किटली खाली ठेवली. "पिणारा की. दुसरं कोण असतंय?"

त्या दिवसापासून ते यूजरसाहेब झाले. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

कोल्हापूरबाहेर हायवेला लागून असलेल्या एका खासगी डेअरीत मी प्रोग्रामर आहे. आमच्याकडे दूध घालणाऱ्या कुणाचं जनावर आजारी पडलं, तर आमचे डॉक्टर गोठ्यावर जातात. बावीस डॉक्टर, मुरगूडपासून गगनबावड्यापर्यंत पांगलेले. शेतकऱ्यानं ऑफिसात फोन करायचा, फोनवर बसणाऱ्या कांबळेताईंनी जवळच्या डॉक्टरला कळवायचं आणि डॉक्टरनं जायचं. हे कित्येक वर्षं चालू होतं आणि चांगलं चालू होतं. मालकांना तेच कुठंतरी खुपत असावं.

मालक पुण्याला कुठलंसं व्याख्यान ऐकून आले. घरच्या माणसांसाठी केलेलं सॉफ्टवेअरही बाजारातल्या मालासारखं करायचं, आपल्याच माणसांना गिऱ्हाईक मानायचं, त्यांची अडचण आधी समजून घ्यायची, असं तिथं कुणी सांगितलं होतं. विचार वाईट नाही. मला तो आजही पटतो. पण तो राबवायला मालकांनी यूजरसाहेबांना आणलं. साहेब मूळचे कोल्हापुरातल्याच शाहूपुरीतले, पण दहा वर्षं पुण्याच्या कंपन्यांत काढलेली. त्यामुळे बोलणं इस्त्री केल्यासारखं.

त्यांनी आल्या आल्या दुसऱ्या मजल्यावरची एक भिंत ताब्यात घेतली आणि तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळ्या म्हणजे अडचणी, हिरव्या म्हणजे उपाय. पंखा लावला की अडचणी उडून उपायांवर जायच्या, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. आम्ही चौघं घामानं निथळत यूजरचा विचार करायचो.

भिंतीच्या मध्यभागी एक फोटो होता. 'डॉक्टर राजेश, वय चौतीस, नवीन तंत्रज्ञानाची आवड.' इंटरनेटवरून उतरवलेला हसरा, गोरा, पांढऱ्या कोटातला माणूस. आमचं अ‍ॅप याच्यासाठी बनत होतं. एकदा कोडोलीचे आमचे खरे डॉक्टर औषधं न्यायला आले होते, ते सहज वर आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"ह्ये पावणं कुठल्या सेंटरला असत्यात?" त्यांनी मला विचारलं. "बूट लय सवच्छ हायती."

साहेब शेजारीच होते. त्यांनी खऱ्या डॉक्टरला नमस्कार केला आणि परत राजेशकडे वळले.

अ‍ॅप तयार झालं. शेतकऱ्याची तक्रार गावातल्या संकलन केंद्रानं अ‍ॅपवर टाकायची, डॉक्टरनं मोबाईलवर 'स्वीकारले' हे बटण दाबायचं आणि जाऊन आल्यावर 'पूर्ण'. बावीस डॉक्टरांना बोलावून प्रशिक्षण झालं, प्रत्येकाला पासवर्ड मिळाला, वर मिसळ. मिसळ संपवून सगळे डॉक्टर एका रांगेत तळमजल्यावर ताईंच्या टेबलाशी गेले.

"ताई, ह्यो माझा पासवर्ड. तुमीच दाबत जावा की," कोडोलीचे डॉक्टर म्हणाले. "आमचा हात खांद्यापतोर म्हशीत असतोय. बटण कशानं दाबू?"

ताईंनी बावीस पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतले. संकलन केंद्रांनीही आपले पासवर्ड ताईंनाच देऊन टाकले. मग फोन यायचा, ताई तक्रार टाकायच्या, डॉक्टरला फोन करायच्या, डॉक्टरच्या नावानं 'स्वीकारले' दाबायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नावानं 'पूर्ण'. काम दुप्पट झालं होतं. "डॉक्टरास्नी बोलणी नकोत, आन् जनावराला वेळेवर सुई मिळूदे," एवढंच त्या म्हणायच्या.

वरच्या मजल्यावर मोठा टीव्ही लावला होता, त्यात सगळं हिरवंगार. बावीसच्या बावीस डॉक्टर अ‍ॅप वापरतायत, प्रत्येक जण पाच मिनिटांच्या आत तक्रार स्वीकारतोय. साहेबांनी समाधानाची प्रश्नावली पाठवली, तिलाही बावीस उत्तरं आली. एकवीस जणांनी 'उत्तम' म्हटलं होतं आणि एकानं 'बरं आहे'. सगळीच सारखी दिसायला नकोत म्हणून ताईंनी घातलेलं ते एक. साहेबांनी ते छापून भिंतीवर लावलं. "बघा, यूजर मनापासून बोलतोय."

कोण कुठल्या कॉम्प्युटरवरून अ‍ॅपमध्ये शिरतं, याची नोंद पाहणं हे माझं काम होतं. बावीस डॉक्टर एकाच कॉम्प्युटरवरून शिरत होते, तळमजल्यावरच्या. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी बोललो नाही. टीव्ही हिरवा होता, मालक खूश होते, माझ्या हुद्द्यापुढे 'सीनियर' लागायची बोलणी चालू होती.

मग साहेबांनी मालकांना अहवाल दिला. सगळे अ‍ॅपवर आले, आता फोनची गरज नाही. ताई अकरा महिन्यांच्या करारावर होत्या, करार दरवर्षी मुकाट वाढवला जायचा. या वेळी तो महिनाअखेर संपणार आणि पुढे होणार नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरगी नर्सिंगला. आपलं काम नीट केल्याबद्दल त्यांची नोकरी जात होती, आणि हे ऑफिसात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यांना आणि मला. त्या तेव्हाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर बावीस डॉक्टरांचं बिंग फुटलं असतं.

शिल्लक रजा संपवून टाका, असं ऑफिसनंच सांगितलं, म्हणून एका सोमवारी त्या आल्या नाहीत. साडेअकराला साहेब माझ्या टेबलाशी आले. टीव्हीवर सकाळपासून शून्य.

"सर्व्हर पडलाय का?"

"नाही साहेब."

"मग बावीसच्या बावीस यूजर गेले कुठं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "आपला यूजर आज रजेवर आहे."

त्यांचं बोट वर आलं नाही. ते जिना उतरून खाली गेले, मीही मागोमाग. नोकरीला लागल्यापासून ते त्या खोलीत पहिल्यांदाच शिरत होते. फोन वाजतच होता. त्यांनी उचलला. पलीकडे गगनबावड्याकडचा कुणी होता, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई कुठं हायती? म्हस अडलीया. नऊपासनं फोन लावतोय."

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे त्याला अ‍ॅप समजावणार. पण ते म्हणाले, "व्हय, व्हय. कुठलं गाव म्हणालासा?" शाहूपुरी दहा वर्षांनी तोंडात आली होती.

त्यांनी कॅलेंडर उलटं केलं. पासवर्डशेजारी ताईंनी बारीक अक्षरात बरंच काही लिहून ठेवलं होतं. कुठल्या डॉक्टरांना रेंज कुठल्या वळणावर मिळते, कुणाला सकाळी शेजाऱ्याच्या नंबरावर फोन करायचा, ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद झाला की कुणाऐवजी कुणाला पाठवायचं. साहेबांनी ते बोटानं शोधत शोधत वाचलं आणि डॉक्टरला फोन लावला. दुपारी त्या माणसाचा परत फोन आला. म्हैस वाचली होती, रेडकू गेलं होतं. दोन तास आधी डॉक्टर आला असता तर वाचलं असतं, असं तो म्हणाला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून फोन घेतले.

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या केबिनमध्ये मला घेऊन गेले. नवा अहवाल एका पानाचा होता. अ‍ॅप वापरणारी व्यक्ती एक. तिला काढू नये. डॉक्टरांवर कारवाई करू नये, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मालकांनी पान दोनदा वाचलं. "आणि नोंदी कोण बघत होतं?"

मी खिडकीबाहेरचे टँकर बघायला लागलो.

"माझ्याकडंच होत्या," साहेब म्हणाले. "मी पाहिल्या नाहीत."

ताईंचा करार पुन्हा झाला. साहेबांची जागा रद्द झाली. जायच्या दिवशी ते खाली गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी खऱ्या यूजरला विचारलं, "ताई, तुम्हाला काय करून देऊ?"

ताईंनी थोडा विचार केला. "फोनची वायर तेवढी लांब करा. औषधाच्या कपाटापतोर पोचत न्हाई."

बाजारातून वायर आणून, गुडघ्यावर बसून, त्यांनी ती स्वतः भिंतीकडेनं चिकटवली. पाठीला घामाचा मोठा डाग पडला होता. ती वायर आजही चालते. अ‍ॅप बंद झालं, राजेश भिंतीवरून उतरला, माझ्या हुद्द्यापुढे 'सीनियर' लागलं.

कधी काही कामानं खाली गेलो तर ताई विचारतात, "साहेबांचा फोन येतोय का? माणूस चांगला हुता. लय उशिरा खाली आला, पर आला." त्या वेळी मला नोंदींचं सांगून टाकायचं असतं. मी खुर्ची ओढून बसतोही. तेवढ्यात फोन वाजतो, आणि मला बरं वाटतं.