‘समजलं का?’ असं विचारू नये

गोविंदपंत गेल्याची बातमी अकोल्यात मला एका गाडीवानाकडून कळली. अमरावतीहून आलेला माल उतरवता उतरवता त्यानं ती सांगितली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. त्याचा राग नाही आला... अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाल्यापासून वऱ्हाडात कुणाला सवड कुठे आहे? माणसानं मरावं तेही कापसाचा हंगाम आटोपून, असे दिवस आहेत. आज दीड महिन्यानं लिहायला बसलोय, तेही थकून.

आम्ही दोघं पंतोजी, जुने सोबती. अमरावतीस कापूस दाबण्याच्या पेचांवर मुकादम हवे होते, म्हणून व्यापाऱ्यांनी गोविंदपंतांना तरुण तयार करायला ठेवलं. शिकवायचं ते एवढंच, की हमालांना काम सांगावं कसं. पेच कधी आवळायचा, दाबलेल्या गासडीला दोर कधी घालायचा, पेच कधी सोडायचा. मी थट्टा करायचो, की यात शिकवण्यासारखं काय आहे?

पहिल्याच हंगामात घात झाला. त्यांचा विद्यार्थी शेख करीम यानं नव्या हमालाला सगळं नीट सांगून ‘समजलं का?’ म्हणून विचारलं होतं. हमाल ‘हो जी’ म्हणाला. आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘हो जी’च म्हणतात, दुसरं काही म्हणणं उर्मटपणाचं. त्यानं दोराची गाठ बसायच्या आत पेच सोडला, गासडी फुगली आणि सोबत्याची बोटं दोराखाली चिरडली. करीम काम सोडून बार्शीटाकळीला घरी गेला. गोविंदपंत मागोमाग गेले आणि त्याला म्हणाले, “चूक माही हाय. तुले सांगायले शिकवलं, इचारावं कसं ते नाई शिकवलं.”

करीम परत आला, आणि तेव्हापासून त्यांच्या वर्गात ‘समजलं का?’ बंद. ऐकणाऱ्यानं आपण काय करणार ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मगच पेचाला हात लावायचा. व्यापारी वैतागत. भाव पडायच्या आत माल मुंबईला जायला हवा आणि तुमचे मुकादम हमालांचं पाठांतर काय घेतात, म्हणून दर हंगामात तेच भांडण. भांडून भांडून त्यांचा घसा बसला. शेवटच्या भेटीत भिंतीला टेकून म्हणाले, “थकलो बाप्पा. मी गेलो का हे सारं बंद करतीन.”

परवा अमरावतीस गेलो तेव्हा पाय आपसूक पेचाकडे वळले. बाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि व्यापाऱ्यांचा दिवाणजी ओरडत होता. करीम एका नव्या हमालाला काम सांगत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, “आता काय करशीन ते सांग.”

“हो जी.”

“हो जी नको. काय करशीन?”

हमालानं खाली मान घातली. मग हळूच म्हणाला, “नाई समजलं जी.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. करीमनं पेच थांबवायला हात वर केला, दिवाणजीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि हमालाजवळ उकिडवा बसून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.