खताच्या पिशवीतलं इंटरनेट

मी गेली अठरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. उष्णतेचा धडा मला पुस्तक न उघडता येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं कुणी समजू नये. अज्ञान नव्हतं, निव्वळ हेका होता.

मोखाड्यात आमचं पत्र्याचं घर आहे. इथला पाऊस चार महिने घरातच मुक्कामाला असतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांना बुरशी येते. म्हणून मृग लागायच्या आत मी घरातल्या वस्तूंना प्लास्टिक घालतो. रिमोटला पिशवी, रेडिओला पिशवी, सर्टिफिकिटांच्या फाइलीला दोन पिशव्या. बायको म्हणते, एखाद्या वर्षी मलाही बांधून ठेवाल. आदल्या पावसाळ्यात आमचा राउटर दमट हवेने गेला होता. नवीन आला तेव्हा मी खताच्या गोणीच्या आतली जाड पिशवी धुऊन त्याला घातली, तोंडाशी सुतळी आवळली आणि त्याला पत्र्याखालच्या सगळ्यांत वरच्या फळीवर बसवलं. भिंतीची ओल तिथवर चढत नाही.

दसऱ्याला सगळी प्लास्टिकं उतरली. राउटरचं राहिलं. विसरलो नव्हतो. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे माझं तत्त्व आहे.

पुढच्याच आठवड्यात राउटर दुपारचा दगा द्यायला लागला. सगळे दिवे एकदम विझायचे, मग एकेक करून परत लागायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळ-संध्याकाळ मात्र अगदी शहाण्यासारखा चालायचा.

एरवी मी काणाडोळा केला असता. पण त्याच महिन्यात बायकोची तोंडी परीक्षा होती. ऑनलाइन, दुपारी तीनला. लग्न झालं तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. "तुझ्या शिक्षणाचं माझ्यावर सोड, बघू आपण," असं मी तेव्हा म्हणालो होतो. बघता बघता आमची मुलगी कॉलेजात गेली. शेवटी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बायकोने मला न विचारता घरबसल्या पदवीचा फॉर्म भरला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती सूर्यमाळच्या पाड्यांवर हिंडली. उन्हाळ्यात पाण्यापायी बायकांचा दिवस कसा जातो, ते तिने लिहून आणलं. आता त्यावर परीक्षक प्रश्न विचारणार होते. ही तोंडी हुकली, तर पदवी पुढच्या वर्षावर.

"तू अभ्यास कर," मी म्हणालो. "इंटरनेट माझ्यावर सोड."

तिने एवढंच विचारलं, "अहो, ती पिशवी काढून बघायची का?"

मी तिला हवेतलं बाष्प समजावून सांगितलं. फळ्यावर काढतो तशी आकृतीही वर्तमानपत्राच्या कडेला काढली. ती सगळं ऐकून भाकऱ्या थापायला गेली.

मग माझं संशोधन सुरू झालं. प्लग बदलून झाला, वायर बदलून झाली. कंपनीला फोन लावला, तर तिथली मुलगी म्हणाली, एकदा बंद करून चालू करा. तेच तर तो मला न विचारता दिवसभर करत होता. मग मी वहीत वेळा टिपल्या आणि चौथ्या दिवशी गुन्हेगार सापडला. आमच्या शेजारी भाताची गिरणी आहे. हळवं, लवकर पिकणारं भात नुकतंच निघालं होतं आणि पाड्यांवरच्या बाया दुपारपर्यंत खाली उतरायच्या, म्हणून गिरणी दुपारीच चालायची. मोटर सुरू झाली की आमचा दिवा मंदावायचा. आणखी काय पुरावा हवा? सोमवारी गिरणी बंद होती, तरी राउटर तीनदा गेला. तो मी अपवाद धरला. आठवीतल्या पोराने असा निष्कर्ष लिहिला असता, तर मी वहीभर लाल रेघा मारल्या असत्या.

मी गिरणीवाल्याकडे गेलो आणि परीक्षेच्या दिवशी दोन ते चार गिरणी बंद ठेवायला सांगितलं.

"गुरुजी, त्या टायमाला बाया डोक्यावर भात घेऊन येतात," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

"विज्ञानाचं काम आहे म्हणावं." खरंच, असंच म्हणालो मी.

माणूस भला. त्या दिवशी दोनला त्याने मोटर थांबवली. आठ-दहा बाया पाट्या उतरवून सावलीला बसल्या. मी खिडकीतून ते बघितलं आणि मला समाधान वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तीनला परीक्षा सुरू झाली. बारा मिनिटं बरी गेली. मग फळीवरचे दिवे विझले आणि परीक्षक तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले.

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल ओढलं, वर चढली, पिशवीला हात लावला. "भाजतंय," म्हणाली आणि एका हिसक्यात पिशवी टरकावली. तार तोकडी, त्यामुळे राउटर खाली घेता येईना.

"वारा घाला त्याला," ती म्हणाली आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

मी धावत बाहेर गेलो. सगळ्यांत जवळ बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या पाटीवरचं सूप उचललं, परत येऊन स्टुलावर चढलो आणि वारा घालू लागलो. दिवे एकेक करून लागले. परीक्षक हलू लागले.

"मॅडम, आता पुन्हा तुटलं तर गैरहजर लिहावं लागेल," ते म्हणाले. मग थांबून, "मागे काय हलतंय?"

"माझे मिस्टर आहेत, सर. वारा घालतायत."

"कोणाला?"

"राउटरला."

त्यांनी समोरचा कागद उलटला आणि पुढचा प्रश्न विचारला.

पंचवीस मिनिटं मी सूप हलवत होतो. सुपातला कोंडा माझ्या डोक्यावर पडत होता आणि ती बोलत होती. कोणती बाई पहाटे किती वाजता उठते, विहिरीच्या तळाशी कोण उतरतं, हंडा भरायला किती वेळ लागतो. ती इतकं नेमकं, न अडखळता बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. कारण मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं, समजावूनच सांगत आलो होतो.

परीक्षा संपली. तिने लॅपटॉप मिटला. मी अजून स्टुलावरच होतो. काहीतरी दोष तिच्याही वाट्याला यावा म्हणून म्हणालो, "तुला कळलं होतं, तर पिशवी तूच का नाही काढलीस?"

"तुम्ही म्हणालात ना, माझ्यावर सोड," ती म्हणाली. "सोडलं. दुसऱ्यांदा."

मी सूप परत द्यायला बाहेर गेलो. म्हातारी म्हणाली, "झाली का बाईची परीक्षा? आमच्या पान्याचं लिवाया तीच आलेली ना? थांबलो तं काय झालं." तिच्यापुढे मला मान वर करवेना.

गिरणीवाल्याने मोटर चालू केली. आमचा दिवा नेहमीसारखा मंदावला. राउटर चालूच राहिला.

"गुरुजी, सापडला का बिघाड?" त्याने विचारलं.

"सापडला," मी केसांतला कोंडा झटकत म्हणालो. "घरातच होता."