आट्यांना लावलेलं ग्रीस

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगायला बसतो आणि भलतंच काहीतरी बोलत राहतो—आत्ताही तसंच होईल, जरा सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकात मंचरला हायवेलगत माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅस वेल्डिंगला डिंगोरे गावचा बबन होता. लेण्याद्रीच्या गणपतीपुढं बायकोला शब्द देऊन त्यानं बिडी सोडलेली. तरी गॅरेजमागं जाऊन एखादी ओढायचा. मला ठाऊक होतं—आणि तेच माझ्या कामी आलं.

त्या दिवशी ऑक्सिजनचा नवा सिलिंडर जोडायचा होता. रेग्युलेटरचा नट आट्यांवर बसेना. कांद्याची ट्रॉली हुक तुटून दारात उभी, मालक डोक्यावर—"उरका की राव, मार्केट उठंल!" बबन मागं गेलेला. माझा ट्रॅक्टर दुरुस्तीतला हात—काही जाम झालं की ग्रीस. मी आट्यांना ग्रीस फासलं. नट गरकन बसला.

ऑक्सिजनला तेल-ग्रीस चालत नाही, हे मला माहीत नव्हतं? होतं. सिलिंडर देणारा दर खेपेला बजावायचा. दाबातला ऑक्सिजन जोरात सुटला की ग्रीस आपसूक पेटतं, ठिणगीसुद्धा लागत नाही. पण एवढ्याशानं काय होतंय—

बबन आला. त्यानं सिलिंडरची चावी फिरवली. रेग्युलेटर त्याच्या तोंडासमोर फुटला.

उजवा डोळा गेला. हाताची बोटं भाजून आखडली. माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "बिडी व्हती का त्येच्याकडं?"

मी काय म्हणालो? "ओढायचा तो." एवढंच. खोटं होतं का? नव्हतं—म्हणूनच सगळ्यांना पटलं.

दवाखान्यात त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "देवापुढं शब्द दिलता ना? भोगा आता!" अजूनही ऐकवते. त्याचं वेल्डिंग सुटलं. आता कुणाच्या तरी गोठ्यावर राबतो.

बरा झाल्यावर तो गॅरेजवर आला होता. उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाला, "भाऊ, बिडी इझवूनच आलो व्हतो वाटतं... पन आता छातीवर हात ठिवून सांगता येत नाय. माझ्यापायी तुमचं नुसकान झालं. माफ करा."

ग्रीसचा डबा मागच्या फळीवरच होता. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला—हो, ठेवला—आणि म्हणालो, "जाऊ दे बबन. माफ केलं."

तो रडला. माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं.