लाल झालेला थेंब

आपल्या माणसाचा जीव कुठल्या कडीला टांगलाय, हे तुम्ही कधी तपासलंय का?

मला वाटत होतं, मी तपासलंय. अक्का, माझी थोरली बहीण, बंगळुरूच्या तलावात शिडाची होडी चालवायला शिकली आणि पहिल्यांदाच कारवारच्या समुद्रात उतरणार होती. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या कड्यांनी होडीला जोडतात, त्या चार कड्या आणायचं काम माझं. यशवंतपूरच्या बाजारात मी प्रत्येकीला लोहचुंबक लावला. चिकटला नाही, म्हणजे स्टील चांगलं. जयनगरला भांडी घेताना आई हेच करते.

कड्यांच्या पिना जरा जाड होत्या, म्हणून बारीक करून घ्यायला जवळच्या लेथवाल्या अण्णांकडे नेल्या.

"चुंबक लावून घेतल्यात," मी ऐटीत सांगितलं.

"शाबास! यात सांबार ठेवायचंय की समुद्रात जायचंय?"

त्यांनी कडीवर स्टील तपासायच्या बाटलीतला एक थेंब टाकला, बॅटरीची तार टेकवली. थेंब लाल झाला.

"हलकं स्टील. चुंबक यालाही चिकटत नाही. खारं पाणी याला खातं. मग एक जोराचा वारा, बस्स, काठी खाली."

माझं डोकं फिरलं. वडील पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे; राग आला की मला पत्रकच सुचतं.

"त्या दुकानदारावर पत्रक काढते!"

"काढ की. पण पत्रकावर डोलकाठी उभी राहत नाही. स्वल्प आठवून सांग, समुद्राचं स्टील मागितलं होतंस?"

नव्हतं मागितलं. दुकानदारानं चकचकीत कडी पुढे केली, मी चुंबक काढला.

अण्णांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बंदरावरच्या कामातून उरलेली सळी काढली, आधी तिच्यावर थेंब टाकून मला दाखवला, तो लाल झाला नाही, मग वाकवून चार कड्या केल्या. पिना लेथवर स्वतः कातल्या.

अक्का परत आली ती उन्हानं काळवंडून. "दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं तारा शिट्ट्या मारत होत्या गं. मी सारखी तुझ्या कड्यांकडे बघत होते."

"माझ्या नाहीत," मी म्हटलं.

बाजारातली एक कडी मी मिठाच्या पाण्यात ठेवली होती. वाटीच्या तळाशी तांबूस गाळ साचला होता.

पत्रक मी काढलंच, ते हे. ज्यावर कुणाचा जीव टांगणार आहात, ते स्टील घेताना चुंबक खिशातच राहू द्या, त्यावर विसंबू नका. कशासाठी हवंय ते सांगा, आणि समोर थेंब टाकून दाखवायला लावा.