परीक्षेची आंघोळ

बालसेविकेचं प्रमाणपत्र मला मिळालं ते दुष्काळातल्या पाण्यावर. हे वाक्य पत्रकात छापण्याजोगं आहे, आणि पत्रकं वाचतच मी वाढले. वडील नगरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे; मोर्चांची, सभांची उरलेली पत्रकं घरी यायची. अन्याय दिसला की बोलायचं, एवढं मी त्यांतून पक्कं शिकले होते.

प्रशिक्षणाचा शेवटचा भाग तिसगावच्या बाजूला, एका दुष्काळी कामावर होता. बाया दिवसभर खडी फोडायच्या आणि त्यांची तान्ही मुलं पत्र्याच्या छपराखालच्या पाळणाघरात आम्ही सांभाळायचो. लेखी परीक्षा झाली होती, प्रात्यक्षिक राहिलं होतं. त्याचा विषय चिठ्ठी उचलून ठरायचा. माझ्या चिठ्ठीत निघालं, तान्ह्या बाळाची आंघोळ.

टँकर एक दिवसाआड यायचा, कधी तोही नाही. मी आमच्या शिक्षिकांशी भांडले. "बाई, इथं प्यायला पाणी नाही. मी बाहुलीवर दाखवते."

"भाषण सभेत कर," त्या म्हणाल्या. "बाहुलीला थंडी वाजत नाही, तिच्या नाकातोंडात पाणी जात नाही. उद्या लोकांची लेकरं तुझ्या हातात द्यायची आहेत मला."

त्यांचंही खोटं नव्हतं. याचाच मला जास्त राग आला.

बाळाच्या आईला विचारायला गेले तेव्हा ती नाही म्हणेल अशी आशा होती. ती माझ्याच वयाची. हातोडा खाली न ठेवताच म्हणाली, "घाला की ताई. जन्मल्यापासनं त्याला कुठं मनासारखं पाणी मिळालंय. नवरदेवावानी न्हाऊ घाला."

शेजारची म्हातारी म्हणाली, "परीक्षा ताईची अन् चैन तुज्या पोराची." सगळ्या हसल्या.

परीक्षेच्या सकाळी कामावर जाताना त्या आपापल्या कळशीतलं तांब्या-तांब्या पाणी माझ्या बादलीत ओतून गेल्या. ते त्यांचं दिवसभराचं प्यायचं पाणी. मी नको नको म्हणत होते, पण बादली काही मी बाजूला घेतली नाही.

घमेल्यातली आंघोळ नीट झाली. कोपर बुडवून पाणी किती गरम ते पाहिलं, मान तळहातावर तोलली, काखा आणि मानेच्या वळ्या पुसल्या. बाळ पाण्यावर हात आपटत हसत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खूश दिसल्या. शेवटी म्हणाल्या, "आता हे घाण पाणी लांब टाकून या. तेवढं झालं की संपलं."

छपराच्या कडेला बाळाची आई उभी होती; आणखी दोघीतिघीही कामावरून घटकाभर येऊन मुलांना कडेवर घेऊन थांबल्या होत्या. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. हे पाणी टाकायचं नाही, यात अजून दोन मुलांची तोंडं धुऊन होतील, एवढंच म्हणायचं होतं. पण मी घमेलं उचललं आणि नाल्याच्या बाजूला वळले.

बाळाची आई पुढे झाली. "द्या इकडं, मी टाकते. तुमी बाईंशी बोला." घमेलं घेऊन ती छपरामागं गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या. पदर पिळल्याचा आणि मुलं कुरकुरल्याचा आवाज येत राहिला.

"आईलाही कामात सामील करून घेतलंत, छान," परीक्षक बाई म्हणाल्या.

मी "हो" म्हणाले.

पुढे पास झाल्याचं कळलं आणि नेमणूक तिथेच मिळाली. त्या दिवशी मी बाळाच्या आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "त्या बाईंना मी सांगायला हवं होतं."

"काय?"

"की पाणी टाकणार नाही म्हणून."

"अन् नापास केलं असतं तर? दुसरी आली असती, नाकाला पदर लावनारी." तिनं हातावरची धूळ झटकली. "पास झालात न्हवं? मग धरा याला. मुकादम बघतोय."

बाळ माझ्या हातात देऊन ती खडीकडे गेली. त्यानं माझा पदर मुठीत धरला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.